पुढच्या पाण्याला

माझ्या घरासमोरची पायरी आठ वर्षांपासून फुटकी आहे. येणारा-जाणारा तिथं ठेचकाळतो, पोस्टमन तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो, आणि एखादा शहाणा विचारतोच, "वच्छलाबाई, एवढी पायरी का नाही बसवून घेत?" मी सांगते, ज्यानं फोडली तोच बसवेल. तो म्हणजे कडूबा, आमच्या भागात नळाला पाणी सोडणारा लाईनमन. फोडली त्या दिवशी तो म्हणाला होता, "पुढच्या पाण्याला बसवून देतो, बाई."

आता हे 'पुढचं पाणी' समजावून सांगायला हवं. आमच्या औरंगपुऱ्यातल्या गल्लीत नळ आठव्या-नवव्या दिवशी येतो, त्यामुळं इथं कॅलेंडरला कोणी फारसं विचारत नाही. कोणाचं लग्न दोन पाण्यांवर आलेलं असतं, कोणाची सून गेल्या पाण्याला माहेरी गेलेली असते आणि अजून परतलेली नसते. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. काळ-काम-वेगाची उदाहरणं पोरांकडून घोटून घेतली. पण कडूबाचं पुढचं पाणी नेमकं किती दिवसांचं, हे उदाहरण मला कधी सुटलं नाही.

कडूबा मूळचा वैजापूरकडचा. त्याच्या आधीची तीन भावंडं वाचली नाहीत म्हणून आईबापांनी ह्याचं नाव कडूबा ठेवलं, म्हणजे यमानं तोंड वाकडं करावं आणि पुढच्या घरी जावं. अंगानं काटकुळा, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. कानावर विडी. जुनाट लुनाला आडवी बांधलेली माणसाएवढी लोखंडी चावी आणि तिच्या शेजारी एक सळई. चावीनं तो रस्त्यातल्या खड्ड्यात असलेला व्हॉल्व फिरवायचा. सळईचं काम वेगळं. रस्त्याखाली पाइप कुठं गळतोय हे शोधायला तो सळईचं एक टोक जमिनीवर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "इथं नाय. अजून चार पावलं." आणि चार पावलांवर खोदलं की पाणी लागायचंच.

एके सकाळी ती सळई त्यानं माझ्या पायरीवर टेकवली. पायरी नवी होती, चकचकीत काळ्या ग्रॅनाइटची, आणि मी तिच्यावर रांगोळीसुद्धा जपून काढत होते.

"बाई, हिच्याखाली गळतंय."

"मला तर काही दिसत नाही," मी म्हटलं. "बारीकसारीक असेल. राहू दे."

"बारीक गळती लई वाईट. मोठी फुटली तर दिसती तरी."

मी आडवी उभी राहिले. त्यानं मला नमस्कार केला, बाजूनं गेला आणि पायरी फोडली. खाली काय निघालं ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि इथंही जरा थांबून सांगणार आहे. त्याचा अंदाज खरा निघाला, एवढं मात्र कबूल करते. त्यासाठीच मी त्याच्याशी पुढं दोन वर्षं बोलले नाही. चुकला असता तर महिनाभरात माफ केलं असतं.

न बोलण्याच्या त्या काळातही पहिला तांब्या मात्र मी त्याला देत होते. ही रीत माझ्या सासूबाईंनी पाडलेली. एका वर्षी गल्लीत काविळीची साथ आली होती. नळ आला तसा सासूबाईंनी पहिला तांब्या भरला, बाहेर आल्या आणि कडूबापुढं धरला. म्हणाल्या, "तू सोडलंयस ना? आधी तू पी." कडूबा तेव्हा नवा होता. त्यानं तांब्या तोंडाला लावला, एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "गोड हाय. भरा." मगच गल्लीनं घागरी लावल्या.

सुरुवात अशी संशयानं झाली आणि बघता बघता त्याचा मान झाला. आमचं पाहून शेजारच्या गल्लीनं सुरू केलं, मग पलीकडच्या. कडूबाकडं चौदा गल्ल्या होत्या, सगळ्यांचं पाणी एकाच दिवशी. चौदाही ठिकाणी कोणीतरी बाई पहिला तांब्या घेऊन उभी. कोणी वाळा टाकायची, कोणी गूळ पुढं करायची. आमच्याच गल्लीतल्या सगीराआपा तर माझ्या तांब्यानंतर आणखी चांदीचा पेला पुढं करायच्या. कडूबा सगळ्यांकडं प्यायचा. एकीकडं प्यायचं आणि दुसरीकडं नाही म्हणायचं, एवढी हिंमत आमच्या भागात कोणात नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ह्या माणसाचं काहीतरी बिनसलं. आधी त्यानं आमचं पाणी मागच्या गल्लीला सोडलं. आम्ही नऊ दिवसांच्या रिकाम्या घागरी मांडून बसलो आणि मागच्या गल्लीत भर दुपारी लोक मोटारसायकली धुवायला लागले. मी त्याला गाठून झाडला. तो नुसता हसला. पुढच्या पाण्याला व्हॉल्वच्या खड्ड्याशेजारीच भिंतीला टेकून झोपला. त्याच्या पुढच्या पाण्याला तर त्यानं सळई विजेच्या खांबाला टेकवली, कान लावला आणि समाधानानं म्हणाला, "प्रेशर बरं हाय."

गल्लीनं निकाल देऊन टाकला की कडूबा प्यायला लागला. गयासभाई त्याचा जोडीदार. बावीस वर्षं दोघं एकाच लुनावर फिरलेले. त्यांनी सगळ्यांसमोर कडूबाचं तोंड हुंगलं आणि म्हणाले, "पियेला नै, बाई. खाली बिडी की बास हे."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी उन्हाचा तडाखा सांगितला. भरपूर पाणी पाजा म्हणाले. आता पाणी पाजायचं काम माझ्याकडं आलं तर मी ते अर्धवट का करीन? मी त्याच्या घरी माठ पाठवला. दुपारी स्वतः जाऊन बसले आणि तांब्यामागून तांब्या पाजला. नको म्हणाला की डोळे वटारले. त्याची बायको द्वारकाबाई बाजूला उभी राहून म्हणायची, "पिऊन घ्या हो, बाई सांगायल्या तर." आजही ते आठवलं की मला माझ्या डोक्यात तांब्या घालून घ्यावासा वाटतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबानं द्वारकाबाईंना हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, उद्याची रजा द्या."

द्वारकाबाई आधी हसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पहिल्यांदाच साहेब म्हटलेलं. मग त्यानं पुन्हा तेच म्हटलं, आणि त्या तोंडाला पदर लावून माझ्या दारात आल्या. मी, गयासभाई आणि त्या, तिघांनी त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यानं मलाही रजेचा अर्ज दिला. मी मंजूर केला.

दवाखान्यात जी डॉक्टर समोर आली ती अजरा. आमच्याच गल्लीत वाढलेली, सातवीत माझ्या वर्गात होती, गुणोत्तर-प्रमाणात कच्ची. मी मनात म्हटलं, झालं कल्याण. तिनं रक्त तपासायला पाठवलं, छातीचा एक्स-रे काढला. एक्स-रे साफ होता. रक्ताचा कागद आला तशी ती उठून उभी राहिली.

"बाई, ह्यांचं सोडियम एकशे सोळा आहे. एकशे पस्तीसच्या खाली जायला नको. म्हणून मेंदू असा गोंधळलाय."

"सोडियम म्हंजे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मीठ समजा."

तिनं असं म्हणायला नको होतं. ते ऐकून द्वारकाबाईंचा चेहरा पडला. नवऱ्याच्या रक्तात मीठ कमी, म्हणजे बायकोच्या भाजीत मीठ कमी, असाच त्याचा अर्थ. बातमी गल्लीत पोचायला अर्धा तासही लागला नाही. संध्याकाळपर्यंत खाटेखाली लोणच्याच्या सहा बरण्या, खारवलेल्या मिरच्या, सांडगे आणि उपवासाचं सैंधव जमलं. माझंही लिंबाचं लोणचं त्यात होतं, खोटं कशाला बोलू. अजरानं लघवी तपासायला एक झाकणाची बाटली दिली होती. द्वारकाबाईंनी ती घरी नेऊन स्वच्छ घासली आणि तिच्यात काळं मीठ भरून आणलं. अजरानं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं आणि शांतपणे आम्हा सर्वांना बाहेर काढलं.

उपचार तिनं हळूहळू केले. दोन दिवस थेंब थेंब करून खारं पाणी शिरेतून दिलं. गयासभाईंना घाई झाली होती. "जल्दी चढाओ ना," म्हणाले. ती म्हणाली, एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. तोवर कडूबा ताळ्यावर आला होता. खाटेवरूनच म्हणाला, "बरोबर हाय पोरीचं. व्हॉल्व एकदम उघडला की लाईन फुटती. आपून उघडतो का कधी?"

मग तिनं मला बाजूला घेतलं. "बाई, मीठ कमी झालेलं नाही. पाणी जास्त झालंय. दूध तेवढंच, त्यात पाणी वाढवलं की प्रमाण घटतं. तुम्हीच शिकवलंय."

तीस वर्षं मी दूध-पाण्याची उदाहरणं फळ्यावर लिहिली, आणि माझ्याच समोर एक अख्खा माणूस पातळ होत होता तेव्हा मी वरून तांब्या ओतत होते. कच्ची कोण होती ते मला त्या दिवशी कळलं. मी तिला चौदा गल्ल्यांच्या चौदा तांब्यांची हकिगत सांगितली. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, मग सापडलं कारण. आता दिवसाला सगळं मिळून एकच लिटर, चहा धरून.

घरी आल्यावर मी त्याची जेलर झाले. लिटरची बाटली घेतली, तिच्यावर मार्करनं रेघा मारल्या, प्रत्येक रेघेपुढं वेळ लिहिली. पहिल्या तांब्याचा प्रश्न नाजूक होता. सगीराआपांनी तर चांदीचा पेला कपाटात ठेवून तोंड फिरवलं. शेवटी तोडगा निघाला की कडूबा पाण्यात बोट बुडवेल, जिभेला लावेल आणि 'भरा' म्हणेल. चौदाही गल्ल्यांनी कुरकुरत ते मानलं.

दोन पाण्यांनंतर आम्ही पुन्हा रक्त तपासायला गेलो. दवाखान्यातून सुटताना एकशे अठ्ठावीस होतं. आता एकशे एकवीस आलं.

अजरानं माझ्याकडं पाहिलं. मी कडूबाकडं पाहिलं. शिक्षकाची सवय वाईट. उत्तर चुकलं की आधी कोणी नक्कल केली ते शोधायचं. मी भर ओपीडीत आवाज चढवला. "चोरून पितोस! मी बाटलीवर रेघा मारते आणि तू गल्लीगल्लीत तांबे लावतोस. लाज नाही वाटत?"

कडूबानं टोपी काढून हातात घेतली. त्याचे डोळे भरून आले होते. त्या मिशांवर रडू बरं दिसत नाही, मला फार वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. मग तो अजराकडं वळून म्हणाला, "म्याडम, मी शाळा शिकलो नाय. पन पान्यात तीस वर्सं काढली. टाकीत येनारं पानी बंद केलं, तरी टाकी भरतीच राह्यली, तर मानसाला शिव्या देऊन काय उपेग? कुटंतरी दुसरी लाईन हाय. मंग लाईन चालावी लागती, टोकापासून टोकापतुर."

अजरा पेन हातात घेऊन त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं खणातून झाकणाची बाटली काढली आणि द्वारकाबाईंना न देता त्याच्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा चौघांना बसवून घेतलं आणि जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. माणूस नुसता जास्त पाणी पीत असेल तर मूत्रपिंड ते पाणी बाहेर टाकतं, लघवी पाण्यासारखी पातळ होते. कडूबाचं रक्त पातळ होतं आणि लघवी घट्ट. म्हणजे मूत्रपिंड पाणी सोडतच नव्हतं. पाणी धरून ठेव, हा हुकूम मूत्रपिंडाला एरवी डोक्यातून येतो. पण कधी कधी शरीरात दुसरीकडं, बहुतेक वेळा फुप्फुसात, एक गाठ धरते आणि तीच तसला हुकूम देत सुटते. एक्स-रेत ती दरवेळी दिसतेच असं नाही.

"म्हंजे चोरटं कनेक्शन," कडूबा म्हणाला.

"असू शकतं. दुसरी कारणंही असतात, काका. पण विडी किती वर्षं ओढता?"

"मिशा फुटल्यापासून."

"मग उद्याच सीटी स्कॅन करायचा."

कडूबा उठला. टोपी घातली. ज्या माणसानं डॉक्टरला लाईन चालायला शिकवली, तो ती लाईन स्वतःच्या छातीकडं निघाल्याबरोबर दाराकडं निघाला. "करू की," म्हणाला. "पुढच्या पान्याला."

पुढचं पाणी आलं, गेलं. अजरानं दिलेल्या गोळ्यांनी त्याला जरा हुशारी वाटत होती. खांबाला आता तो कान लावत नव्हता. द्वारकाबाईंनी विनवण्या केल्या, गयासभाईंनी एक दिवस लुनाची किल्ली लपवून ठेवली. कडूबाचं एकच, "बरं वाटायलंय मला. आकडा जरा कमी हाय, राहू द्या कमी." मी बाटली घेऊन गेले की तो दुसऱ्या गल्लीनं जायचा. अजराचा मला फोन आला. म्हणाली, बाई, जे मला वाटतंय ते असलं तर ते फार भराभर वाढतं, त्याला पाण्याच्या हिशोबानं चालत नाही.

म्हणून त्या मंगळवारी सकाळी पाणी यायच्या वेळेला मी फुटक्या पायरीवर उभी राहिले. गल्लीत घागरी मांडलेल्या. कडूबानं व्हॉल्व उघडला आणि तांब्यात बोट बुडवायला माझ्यापुढं आला. मी तांब्या खाली ठेवला. त्याच्या लुनाची सळई मी आधीच सोडून घेतली होती. माझं वय एकाहत्तर, सळई जड. एक टोक मी त्याच्या शर्टाच्या खिशावर टेकवलं, जिथं विडीचं बंडल असतं, आणि दुसरं माझ्या कानाला लावलं. बायका घागरी सोडून बघायला लागल्या. नळ तेवढे वाहत होते.

"काय ऐकू यायलंय, बाई?" त्यानं चेष्टेनं विचारलं.

"काही नाही. मी अर्धी बहिरी आहे. पण ह्या पायरीखालचंही मला ऐकू येत नव्हतं. मी राहू दे म्हटलं होतं. तू राहू दिलंस का?"

तो खाली बघायला लागला. मी सगळ्यांकडं वळले. आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते.

"ऐका सगळ्यांनी. ह्या पायरीखाली माझ्याच न्हाणीचा पाइप सडला होता. माझ्या घरचं घाण पाणी तुमच्या नळात उतरत होतं. ह्या माणसानं पायरी फोडली, जोड बदलला, आणि सात वर्षं कोणाजवळ माझं नाव घेतलं नाही. आणि मी गल्लीभर सांगत फिरले की कडूबानं माझं नुकसान केलं."

सगीराआपांची घागर भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बारीक गळती वाईट असं तूच म्हणाला होतास," मी कडूबाला म्हटलं. "माझी पायरी फोडताना मला विचारलं नाहीस. आता तुझी पाळी आहे. चल."

कडूबानं सळईचं टोक छातीवरून बाजूला केलं नाही. म्हणाला, "भ्याव वाटायलंय, बाई. खोदलं अन् खरंच लागलं तर?"

"मलाही वाटतंय," मी म्हटलं. ते खरं होतं.

गयासभाई पुढं आले, त्यांनी त्याच्या हातातली चावी काढून घेतली. "चल रे, जा बाई के साथ. पानी मैं छोडतूं."

खोदलं आणि लागलं. बोराएवढी गाठ, डाव्या फुप्फुसात, हृदयाच्या आडोशाला. म्हणूनच एक्स-रेत दिसली नव्हती. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर, अजरा म्हणाली होती तसाच भराभर वाढणारा, पण अजून छातीच्या एका बाजूतच थांबलेला. ना खोकला, ना थुंकीतून रक्त, ना कुठं दुखणं. तो एक आकडा खाली गेला नसता तर आम्ही खोकल्याची वाट पाहत बसलो असतो.

द्वारकाबाईंनी अजराला सरळ विचारलं, "बरे व्हतील का?"

"काही जण पूर्ण बरे होतात, मावशी. सगळे नाही. पण लवकर सापडलंय, आणि ह्या जातीला औषध चांगलं लागू पडतं. एवढंच मी खरं सांगू शकते."

द्वारकाबाई म्हणाल्या, "मंग तेवढ्यावरच चालू." आणि लोणच्याच्या बरण्या ज्याच्या त्याला परत केल्या.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. सलाईनमधून औषधाचे चार फेरे झाले, छातीला रेडिएशनचा शेक झाला. कडूबाला अन्नाचा वास नकोसा झाला. रात्री-बेरात्री उठून बसायचा, द्वारकाबाई पाठीवरून हात फिरवायच्या. विडी सुटली, ती सोडताना त्यानं गयासभाईंना इतक्या शिव्या दिल्या की तेही ओढायचे थांबले. केस गेले आणि मिशाही गेल्या. मधे एकदा बरं वाटलं म्हणून तो हट्टानं पाणी सोडायला आला, तर पलीकडच्या गल्लीतल्या बायकांनी ओळखलंच नाही. आमचा कडूबा कुठंय, हा कोण नवा पाठवलाय, म्हणून त्यांनी त्याच्याच तोंडावर तक्रार केली. तो म्हणाला, "कळवतो साहेबाला," आणि आमच्या गल्लीत येऊन पोट धरून हसला.

आकडा मात्र चढत गेला. एकशे सव्वीस, एकशे एकतीस. गल्लीतल्या बायकांना सोडियम म्हणजे काय ते अजूनही कळलेलं नाही. पण पाणी किती वाजता येणार हे ज्या सुरात विचारतात त्याच सुरात त्या मला विचारायच्या, "बाई, आज किती?" ज्या दिवशी एकशे सदतीस आला त्या दिवशी सगीराआपांनी चांदीचा पेला पुन्हा बाहेर काढला. एकच घोट भरून दिला, मोजून.

नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी झाली होती. अजरानं पेढा घेतला, पण अर्धाच खाल्ला. मला म्हणाली, "बाई, हा आजार परत येऊ शकतो. आला तर बहुतेक आधी आकडाच पडेल. दर महिन्याला रक्त तपासायचं, चुकवायचं नाही."

मी हे कडूबाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि डोक्यावरून हात फिरवला. तिथं नुकतीच लव यायला लागली होती.

गेल्या पाण्याच्या दिवशी तो गयासभाईंना घेऊन माझ्या दारात आला. लुनावर सिमेंटची अर्धी पिशवी, थापी, आणि फरशीचा एक तुकडा, काळा, चकचकीत. कुठून तरी माझ्या जुन्या पायरीशी रंग जुळवून आणला होता.

"चला बाई, उठा. बसवून टाकू आज. लई दिवसाचा शब्द ऱ्हायलाय."

फरशी बरोबर मापाची होती. मी तिच्यावर हात फिरवला. मग त्याच्याकडं पाहिलं. मिशा परत फुटत होत्या, अजून विरळ, एका बाजूला जरा जास्त. महिन्याचं रक्त द्यायला त्याला आणखी चार दिवस होते.

"आज नको," मी म्हटलं.

"काहून? सिमेट आनलंय, मानूस आनलाय. मंग कधी?"

"पुढच्या पाण्याला."

कडूबा माझ्याकडं बघत राहिला. मग कडूबानं सिमेंटची पिशवी उचलली आणि परत लुनावर बांधायला लागला.

"नक्की ना, बाई? पुढच्या पान्याला येतो मंग."

"ये," मी म्हटलं. "आणि त्याच्याही पुढच्या."